पाइपावरचा ठोका

चित्र स्वच्छ झालं म्हणतात. झालं असेल. नव्या डब्यातून टीव्हीवरच्या बायकांच्या नाकातली चमकीसुद्धा दिसते, म्हणून आमची सगळी गल्ली खूष होती. मी नव्हते, आजही नाही. कुणी मला समजवायला आलं, की बाई, किती वर्षं झाली, सोडून दे आता, तर माझं डोकं आणखी फिरतं. सोडून द्यायला मी काय धरून ठेवलंय? जे माझ्या हातात होतं ते मला न विचारता काढून घेतलं गेलं, आणि वर सतरा दिवस मला सांगितलंही नाही.

मी पाटोद्यात राहते. खाली रस्त्यावर नवऱ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, त्यावर आमचं घर, आणि घरावर गच्चीत पत्र्याची एक खोली. आमचा केबलचा धंदा त्या खोलीतून चालायचा. खोलीबाहेर जाळीची मोठी छत्री आभाळाकडे तोंड करून उभी असायची. आत मांडणीवर यंत्रं, एकेका चॅनलला एकेक. त्यातलं शेवटचं यंत्र आमचं स्वतःचं होतं. त्यावर आम्ही काहीही दाखवू शकत होतो, आणि त्याच्यावर रोज दुपारी दोन वाजता मी चिठ्ठ्या वाचायचे.

आमच्या घरात दखनी उर्दू बोलतात, पण मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले आणि मला लिहिता येतं ते याच भाषेत. म्हणून इथं सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय. चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या त्याही त्याच कारणानं. सुरुवातीला नवराच वाचायचा. एकदा कुणाच्या तरी दशक्रियेची चिठ्ठी वाचताना तो असा काही अडखळला की दुकानासमोरचे लोक हसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद माझ्यापुढे टाकला. सासू म्हणाली, "बाईचा आवाज गावभर जाणार? मग घरात काय ऱ्हाईलं?" महिन्याभरानं दोन वाजले की तीच सगळ्यात आधी टीव्हीपुढे बसायला लागली आणि शेजारणींना गप्प करायला लागली.

चिठ्ठ्या दुकानात यायच्या. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची म्हैस चुकली, उद्या टँकर कोणत्या गल्लीत, कुठल्या वस्तीवर पशुवैद्य येणार. माझा चेहरा कधीच दाखवायचा नव्हता, ते आधीच ठरलेलं. एका जुन्या कॅमेऱ्यापुढे गुलाबाच्या फुलाचं चित्र लावलेलं असायचं आणि मागून माझा आवाज. मयताची चिठ्ठी असली की मी ते चित्र उलटं करायचे. नुसता पांढरा कागद दिसायचा. तो दिसला की आसपासच्या वीस खेड्यांतल्या बायका पिठाचे हात तसेच घेऊन टीव्हीपुढे यायच्या, कोण गेलं म्हणून.

आणखी एक पद्धत होती आणि ती नीट सांगायला हवी. वर खोलीत छोटा टीव्ही होता, पण तो थेट यंत्राला जोडलेला. त्याचा आवाज बंद ठेवायला लागायचा, नाहीतर माइक शिट्टी मारायचा. म्हणजे मी बोललेलं लोकांपर्यंत पोचतंय का नाही, हे मला वर बसून कळायचं नाही. खाली दुकानात नवऱ्याच्या डोक्यावरच्या फळीवर दोन गोष्टी होत्या. एक, केबलवर चालणारा दुकानाचा टीव्ही. दुसरी, माझ्या माइकला वायरनं जोडलेला एक छोटा स्पीकर. मी सुरुवातीला विचारायचे, "आवाज येतोय ना?" तो टीव्हीकडे बघायचा आणि सगळं ठीक असलं की पाना घेऊन भिंतीवरच्या लोखंडी पाइपावर एक ठोका मारायचा. वायरी घातलेला तो पाइप दुकानाच्या शटरपासून थेट गच्चीपर्यंत वर आलेला होता. टण्ण. की मी वाचायला लागायचे. चौदा वर्षं आमच्या संसारात एवढा सरळ दुसरा व्यवहार नव्हता.

आता सिस्टरबाईंबद्दल.

सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी याच तालुक्यात गेली. लशींची पेटी खांद्याला अडकवून कधी जीपमधून, कधी पायी, त्या वस्त्या-वस्त्यांवर जायच्या. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच टोचलं. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्यानं राहिल्या. तोंडानं फटकळ. मी चिठ्ठी घाईनं वाचली की संध्याकाळी रस्त्यातच पकडायच्या, "रेल्वे सुटली व्हती का आज तुझी?"

एके दुपारी चिठ्ठ्या वाचून झाल्यावर त्या दोन जिने चढून वर आल्या. धापा टाकत स्टुलावर बसल्या, खोलीभर नजर फिरवली. मग ते गुलाबाचं चित्र हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"हेच उलटं करतीस व्हय? मला वाटलं काय यंत्र बिंत्र असंल."

मी हसले.

"आईक," त्या म्हणाल्या. "मला पोर न्हाई, बाळ न्हाई. एक भाऊ व्हता, त्यो बी गेला. मी मेले की तू हे उलटं कर आन् सावकाश सांग. घाई करू नको. ह्या वीस गावातलं एकेक पोर मी रडवलंय. एक डाव त्यांनी माझ्यासाठी यावं. चार जणांनी उचलून गुपचूप न्हेऊन टाकलं, असं नगं मला."

"असं कावून बोलता?"

"कबूल हाय का सांग."

"कबूल," मी म्हणाले. त्यांनी चित्र होतं तसं सरळ लावलं आणि कठड्याला धरून खाली गेल्या.

हा शब्द मी दिलेला होता. तो नवऱ्याला माहीत होता, कारण चॅनलवर गाणी लावली तरी माइक चालूच राहिला होता आणि त्यानं खाली स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना तोच मला म्हणाला होता, "सिस्टरबाईला जत्रा पायजे मरताना." दोघं हसलो होतो.

मग डबे आले, सेट-टॉप बॉक्स म्हणतात ते. शहरातल्या कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि दुकानात खोकी रचून गेला. आता आभाळातून काही उतरवायचं नाही, शहरातून वायर येणार, घरोघरी डबा बसवायचा, डबा नाही त्याच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. सरकारचाच नियम म्हणे. छत्रीकडे बघून तो म्हणाला, "हे आता भंगारात द्या." चौदा वर्षं वाऱ्यावादळात आम्ही दोघांनी दोर बांधून जी सांभाळली, तिला हा माणूस पायातले बूट न काढता भंगार म्हणाला. चहा मीच दिला होता त्याला. अजून पश्चात्ताप होतो.

"आपलं चॅनल?" मी नवऱ्याला विचारलं.

"चालू ऱ्हाणार. अर्ज दिलाय. तू वाच."

मी वाचत राहिले. "आवाज येतोय ना?" टण्ण. आणि पुढे.

चिठ्ठ्या कमी झाल्या, हे माझ्या लक्षात आलं. दहाच्या जागी तीन, मग दोन. पण आषाढ लागला होता. लग्नांचे दिवस संपले, माणसं पेरणीत अडकली, आता दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत असंच चालणार, दरवर्षीचंच आहे. मी स्वतःचीच समजूत घातली, कुणी घालायला नको. खालच्या घरातला टीव्ही सासूच्या ताब्यात, आणि दोन वाजता मी वर. मी माझं चॅनल कधी बघणार होते? गुलाबाचं चित्र काय बघायचं?

अशात एका सकाळी सिस्टरबाईंचे घरमालक, ज्यांच्या स्वतःच्या घरी टीव्हीच नव्हता, चिठ्ठी घेऊन जिन्यात आले. झोपेतच गेल्या होत्या. अंत्यविधी संध्याकाळी पाच वाजता. मी चिठ्ठी घेतली आणि पहिल्यांदा रडून घेतलं, कारण वाचताना रडायचं नव्हतं. सावकाश वाचायचं होतं.

दोन वाजता चित्र उलटं केलं. "आवाज येतोय ना?" टण्ण. मी वाचलं. कोण होत्या, किती वर्षं पेटी वाहिली, कुठल्या कुठल्या वस्तीवर जायच्या, सगळ्या वस्त्यांची नावं घेतली. मग माझ्या मनचं म्हणाले, "त्यांनी तुम्हाला टोचलंय. पाच वाजता या." अडीचला पुन्हा वाचलं. तीनला पुन्हा. तिसऱ्या वेळी मध्येच रडू फुटलं. पाणी प्यायले आणि पुरं केलं.

चार वाजल्यापासून मी गच्चीच्या कठड्याशी उभी. एकीकडे मांजरसुंब्याकडून येणारा रस्ता दिसायचा, दुसरीकडे खेड्यांचा. वाटलं, आता जीपा येतील, टेम्पो येतील, मोटारसायकलीवर तिघं तिघं बसून येतील. रस्त्यात गर्दी होईल आणि नवऱ्याला दुकानापुढचे डबे आत घ्यावे लागतील. एक ट्रॅक्टर आला, तो खताचा. शाळेच्या पोरींचा घोळका गेला. पाच वाजले. तिरडी आमच्या दुकानापुढूनच गेली. मी वरून मोजले. अकरा माणसं. शटर अर्धं ओढून नवरा निघाला तो बारावा. त्यानं पुढे होऊन खांदा दिला, हेही मी बघितलं.

मला त्या वीस गावांचा असा राग आला की संध्याकाळी माझ्या हातून घरात काही धड झालं नाही. भाकरी करपली. सासू काही बोलली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण करपलेल्या भाकरीवर गप्प बसणारी ती बाई नव्हे. पण मी माझ्या रागातच होते.

दुसऱ्या दिवशी एकही चिठ्ठी नव्हती. तरी मी वर गेले. "आवाज येतोय ना?" विचारलं. क्षणभर काहीच नाही. मग टण्ण. आणि मी तोंड सोडलं. चौदा वर्षांत माइकवर कधी चढा शब्द काढला नव्हता, त्या दिवशी काढला. म्हणाले, लाज वाटली नाही का तुम्हाला? ज्या बाईनं तुमच्या पोरांच्या दंडावर सुया टोचल्या, तुमच्या बाळंतिणी सांभाळल्या, उन्हातान्हात तुमच्या दारापर्यंत आली, तिच्यासाठी एक तास काढता येईना? पेरणी काय पळून चालली होती? ऐकलं नव्हतं म्हणू नका, मी तीनदा सांगितलंय. माणसं म्हणवता स्वतःला? ऐकून ऐकलं नाही असं करणाऱ्यांचे कान देवानं कापून न्यावेत. असं बरंच. माइक बंद केला तेव्हा बरं वाटत होतं. म्हटलं, पोचलं असेल आता जिथं पोचायचं तिथं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात एक बाई उभी. खेड्यातली, साठीच्या आतबाहेरची, काखेत गवारीच्या शेंगांचं गाठोडं. मला ओळखत नव्हती, मीही तिला ओळखत नव्हते. पण मी "कोण?" विचारलं आणि ती हसली.

"आवाजावरून वळखलं. तुमीच त्या चिठ्ठ्यावाल्या. बाई, सिस्टरबाईच्या खोलीला कुलूप हाय. कुठं गेल्यात? शेंगा आणल्या व्हत्या त्यांच्यासाठी."

माझा भडका उडाला. "आता आलीस? परवा गेल्या त्या! तीनदा वाचलं मी. सगळ्या वस्त्यांची नावं घेऊन वाचलं. तवा कुठं व्हतीस?"

गाठोडं तिच्या काखेतून खाली आलं. ती पायरीवर मटकन बसली. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "कुठं वाचलंत, बाई?"

"कुठं म्हणजे? टीव्हीवर!"

"तुमचा टीव्ही बंद हाय की. पंधरा-सोळा दिस झाले. डबा बसवला तवापासून तुमचं चॅनल लागंना, आन् डबा न्हाई त्यांच्याकडं मुंग्याच. आमची सून दुकानात इचारून गेलती. मालक म्हनले, येईल, येईल."

मी तिला पाणी दिलं की नाही, ते मला आठवत नाही. मी खाली दुकानात गेले. बुरखा घातला नव्हता, डोक्यावर पदर नव्हता, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. त्यावरूनच मला सगळं कळलं. तरी मी विचारलं.

"किती दिवस?"

"सतरा," तो म्हणाला. खोटं बोलला नाही. तेवढं तरी.

कंपनीचा माणूस आठ दिवसांत चॅनल देतो म्हणाला होता. आठाचे दहा झाले, दहाचे पंधरा. आज देईल, उद्या देईल. तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. चॅनल आलं की तुला काही कळलंच नसतं. हे सगळं तो टेबलाकडे बघून बोलत होता. सासूही जिन्यातून खाली आली आणि म्हणाली, "मीच म्हणले त्याला, सांगू नको. तुझ्या जिवाला लागंल म्हणून." म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पोरांनाही. एक मी सोडून जवळजवळ सगळ्या पाटोद्याला माहीत होतं. मी रोज दोनला वर चढायचे आणि सगळं घर माझ्यावर दया करत खाली बसायचं.

लागू द्यायचं होतं ना जिवाला! माझा जीव आहे, मी बघितलं असतं. रडले असते, दोन दिवस जेवले नसते. मग सिस्टरबाई गेल्या त्या दिवशी रिक्षावर भोंगा लावला असता, जीपवाल्यांना सांगितलं असतं, स्टँडवर जाऊन उभी राहिले असते. सकाळपासून पाचपर्यंत वेळच वेळ होता. तो सगळा वेळ मी एका बंद यंत्रापुढे बसून घालवला, कारण खालून ठोका आला होता.

त्याच दिवशी मी त्या शेंगावाल्या बाईबरोबर स्टँडवर गेले आणि प्रत्येक जीपवाल्याला सांगितलं. बाजाराच्या दिवशी रिक्षात बसून भोंग्यावर तीच चिठ्ठी वाचली, फक्त अंत्यविधीच्या जागी दहावा म्हणाले. दहाव्याला माणसं आली. खूप आली. पोरं कडेवर घेऊन बायका आल्या, मिशा फुटलेली पोरं आली, कुणी गावाकडून भात करून आणला. सगळे मला सांगत होते की आम्हाला कळलंच नाही. मी मान हलवत होते. ज्या लोकांना मी माणसं म्हणवता का म्हणून विचारलं होतं, ते माझ्यापुढे डोळे पुसत उभे होते. पण बाईंनी दहाव्याला माणसं मागितली नव्हती. चार जणांनी उचलून गुपचूप नेऊ नका, म्हणाल्या होत्या. नेलं तसंच.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि माझा राग अजून गेला नाही तो तिच्यामुळे. चॅनल बंद होतं, पण दुकानातला छोटा स्पीकर चालू होता. त्याची वायर माझ्या माइकला थेट होती. म्हणजे सतरा दिवस मला ऐकणारा एक माणूस होता. सिस्टरबाईंची चिठ्ठी त्यानं तीनदा ऐकली. माझं रडू त्यानं ऐकलं. दारात गाडी उभी होती. किक मारून दोन वस्त्यांवर जाऊन आला असता तरी पोचलं असतं. तो बसून राहिला, पाच वाजता उठला आणि खांदा द्यायला गेला. आणि दुसऱ्या दिवशी मी ज्या शिव्या वीस गावांना दिल्या, त्या वीस गावांतल्या एकालाही गेल्या नाहीत. ज्याला जायच्या होत्या त्यालाच गेल्या. त्यानं त्या सगळ्या ऐकल्या. ऐकण्याआधी ठोकाही मारला.

चॅनल कधी आलंच नाही. छत्री भंगारात गेली. आता मयताच्या बातम्या मोबाइलवर येतात, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि झालं. वरच्या खोलीत मी कांदे ठेवते. गुलाबाचं चित्र अजून तिथंच आहे, उलटं. मी सरळ केलेलं नाही.

नवरा माणूस वाईट नाही, सगळे म्हणतात, आणि मीही नाही म्हणणार नाही. पोरांची लग्नं केली, सासूचं शेवटपर्यंत केलं. माफ कर, एवढं मात्र तो आजवर म्हणाला नाही. पाइप भिंतीवर तसाच आहे. त्याचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. चहा हवा असला की तो खालून पाना घेऊन पाइपावर ठोका मारतो. टण्ण. मग थोडं थांबून वर तोंड करून विचारतो, "आवाज येतोय ना?"

येतो. चहा मी पाठवते, सुनेच्या हातून. उत्तर देत नाही.